रंभाचा भाऊ

नागभीड,
दि. १९ एप्रिल १९५७

तीर्थरूप रामाजीभाऊ यांच्या चरणी अन्नपूर्णेचा नमस्कार.

तुमचे पत्र सोमवारी पोचले. वहिनींच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरे वाटले. इथे सारे ठीक. विहिरीचे पाणी तळाला गेले आहे, आणि स्टेशनावर माणसे कमी म्हणून यांना सुट्टी मिळत नाही. रंभाच्या लग्नाची वैशाखातली तारीख कायम आहे.

तुम्ही लिहिले की रंभाला भाऊ नाही, तेव्हा नवरदेवाचा कान पिळायला आपला वारलू उभा राहील. वारलू माझा भाचा, त्याच्यावर माझी माया आहे. तरी त्या जागी तो उभा राहणार नाही. का, ते तुम्हाला सांगायलाच हवे.

रंभाच्या वेळी मला बाळंतज्वर आला, हे गोंदियाला बदलीवर होते, मी इथे एकटी, आणि तुम्ही चिमूरहून शेळी आणून आमच्या दारात बांधली. पोरगी शेळीच्या दुधावर जगली असे तुम्ही अजून चारचौघांत सांगता. भाऊ, ते दूध तिला एक दिवसही पचले नाही. पोरगी निळी पडली तेव्हा शेजारच्या जैनबने तिला उचलून नेले. बाबूभाई कल्हईवाल्यांची ती बायको. तिचा जलालुद्दीन तेव्हा चार महिन्यांचा होता. तिने दोघांना पाजले, साडेतीन महिने.

मी उठून बसल्यावर तिला एक लुगडे पाठवले. वाटले, झाले, आपण मोकळे. ती तेच लुगडे घेऊन दारात आली.

"बाई, हे काऊन पाठवलं? मी तुमच्याकडं कामाले होतो का? पोरगी माही हाये."

मला ते झोंबले. मी उपकार समजून फेडायला निघाले होते आणि ती नाते सांगत होती. तिच्या लोकांत एका अंगावर प्यालेली लेकरे सख्खी भावंडे धरतात, त्यांचे आपसांत लग्नसुद्धा होत नाही. हे मला ठाऊक होते. पण ते मानले असते तर यांना, तुम्हाला, साऱ्या आळीला सांगावे लागले असते. मी गप्प राहिले. ती दर ईदेला शेवया पाठवी, मी त्या गाईपुढे ठेवी. रंभा मात्र तिच्या घरी जाऊन खाऊन येते, हे मी बघून न बघितल्यासारखे केले.

पंधरा दिवसांपूर्वीच्या बाजारी रंभा लग्नाची भांडी कल्हईला घेऊन गेली. तिथे जलालुद्दीनशी हसून बोलली. कोणीतरी ते वाईट रंगवून यांच्या कानावर घातले. हे तडक बाबूभाईंच्या दुकानी गेले, मी मागोमाग. माणसे जमली. हे नको ते बोलले. बाबूभाई मान खाली घालून भाता ओढत राहिले. मग जैनब बाहेर आली. तिने यांच्याकडे बघितलेच नाही, माझ्याकडे बघितले.

"तुमी सांगता का मी सांगू?"

मी सांगितले. सगळ्यांसमोर, होते तसे. एकोणीस वर्षे लपवलेले सांगायला चार वाक्ये पुरली. हे घरी येऊन तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "पोरगी जगली ना." तेवढेच.

व्याह्यांना दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मी स्वतः ब्रह्मपुरीला जाऊन रुखमाबाईंना सांगितले. त्यांनी दोन दिवस मागितले. निरोप आला की लग्न होईल, पण मुलाचे मोठे काका येणार नाहीत. बरे, म्हटले.

काल मी जैनबकडे गेले. निघताना हातात साखरेची पुडी घेतली होती, ती परत ठेवली. रिकाम्या हाताने गेले आणि म्हटले, रंभाच्या मांडवात जलालुद्दीन भाऊ म्हणून उभा राहू दे. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "तो तं भाऊच हाये. तुमालेच येळ लागला." तिने ताट वाढले. मी जेवले. ती काही विरघळली वगैरे नाही, आणि मी तशी अपेक्षाही केली नाही.

भाऊ, तुम्ही मामा. रंभाला हाताला धरून मांडवात आणायचे ते तुम्हीच. पण तिथे तिचा भाऊ म्हणून कोण उभा असेल ते आधी कळवावे म्हणून हे पत्र. तुम्ही आला नाहीत तर मी रडेन. पण तारीख बदलणार नाही, आणि भाऊही बदलणार नाही.

वहिनींना नमस्कार, वारलूला आशीर्वाद. त्याला माझा राग येऊ देऊ नका.

तुमची धाकटी बहीण, आणि रंभाच्या दोघी आयांतली एक,
अन्नपूर्णा