उपाहारगृहातली पारेहुइया

मेरेआनाताईस, नाकाला नाक लावून तामातीचा नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. जरा धूसर दिसतं, एवढंच.

तरी वेलिंग्टन स्टेशनच्या उपाहारगृहात माझी पारेहुइया लगेच ओळखली! वाफाळत्या झऱ्याकाठी हसणारी, रेल्वेच्या पोस्टरवर. खाली अक्षरं, 'साम्राज्याच्या नंदनवनात या.' आणि ताई, गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याखाली लोक पाव खात होते, आपल्या माओरींत केवढं निषिद्ध!

मी ती भिंतीवरून उतरवली.

"म्हातारबुवा, रेल्वेची जाहिरात आहे ती!" स्टेशनचा बाबू ओरडला.

"जाहिरात तुमची, बायको माझी."

"पोलिसांना बोलावू?"

"बोलवा. तोवर कविता ऐका." शाळेत छडी खाऊन पाठ केलेली, त्यांच्याच इंग्रज राणीच्या स्तुतीची कविता खणखणीत म्हटली आणि चालू लागलो.

साम्राज्याची अक्षरं कापून टाकलीत. आपल्या वस्तीच्या बैठकघरात, भिंतीवरच्या पूर्वजांच्या रांगेत, आईच्या फोटोशेजारी जागा आहे ना? आम्ही दोघं घरी येतोय.

तुझा हट्टी धाकटा,
तामाती