हात्सुएचं नाव दगडावरून काढण्याबाबत

मी, मियाशिता शिगेनो, वय वर्षे एकशे तेरा, राहणार कामिसावा, प्रांत नागानो, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, असं डॉक्टर हिराबायाशी म्हणतात. झोप मात्र ठिकाणावर नाही. याआधीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. ज्यांच्या नावे केली ते सगळे माझ्याआधी गेले.

कलम एक. घर आणि मागची पर्सिमनची झाडं नातू शुइची याला. तो तोक्योत राहतो, झाडं तोडून गाड्या लावायला जागा करील. करू दे. एखादं झाड ठेवलंस तर बाबा, शेंड्याचं फळ पाखरांना सोडायचं, एवढी रीत पाळ.

कलम दोन. फळं सोलायची सुरी शेजारच्या ओगिसोला. दरवर्षी मागून नेतो आणि बोथट करून आणून देतो. आता त्याची त्यालाच लखलाभ.

कलम तीन. शंभरीला सरकारने दिलेला चांदीचा पेला शुइचीच्या बायकोला. त्यात माझी कवळी असते, घासून घ्यावा.

कलम चार. पेपरवाले दरवर्षी इतकं जगण्याचं गुपित विचारतात. मी तुतीच्या पाल्याचा चहा सांगते. खरं म्हणजे मला एका जागी बसवत नाही, बाकी काही नाही. गावप्रमुखांनी माझ्या अंत्यविधीत भाषण करू नये.

कलम पाच. हे नीट वाचावं. हात्सुए माझी सून, वय पंच्याऐंशी. माझा मुलगा तोकुजी वारला तेव्हा शुइचीने, आम्हा सगळ्यांच्या अस्थी एकत्र ठेवतात त्या घराण्याच्या समाधीवर त्याच्या नावाशेजारी तिचंही कोरून घेतलं, एकाच मजुरीत होतं म्हणून. बाई जिवंत आहे तोवर नावात लाल रंग भरायचा, गेली की काढायचा, ही आमची रीत. तिला कोणी विचारलं नाही. यंदा वसंतात समाधी धुताना ती म्हणाली, "आई, तिथंही तुमच्या शेजारीच का?"

मला हसू आलं. तिला नाही.

"मग कुठं जायचंय तुला?"

"माहेरी. समुद्राकाठी, माझ्या आईपाशी."

पुढच्याच महिन्यात तिला हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात पडून होती. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. सारखी उठते, तिचा श्वास चालू आहे का बघते. ती माझ्याआधी गेली तर शुइची रीत म्हणून तिच्या अस्थी इथंच ठेवणार. समाधी माझ्या ताब्यात आहे, म्हणून सांगते: तिचं नाव दगडावरून काढावं. अस्थी माहेरी न्याव्यात. आणि अस्थी होईपर्यंत तिनं थांबू नये, आत्ताच जावं.

हे कलम वाचून डॉक्टर म्हणाले, "आजी, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं."

"माझ्या जाण्याचा काय भरवसा? हे कलम आजपासून लागू."

हात्सुए दारात उभी होती. "तुमच्या जेवणाचं कोण बघणार?"

"ओगिसोची बायको. अळणी करते. चालेल मला."

वर लिहिलेलं पुन्हा वाचून, पटून, शिक्का उमटवला आहे.

मियाशिता शिगेनो
साक्षीदार: डॉ. हिराबायाशी, ओगिसो
कामिसावा, १८ ऑक्टोबर, रेइवा शक पाच (सन २०२३)

ता.क. पाथरवट काम करून गेला. हात्सुए आज सकाळच्या बसने गेली. घरात माझ्या एकटीच्याच पावलांचा आवाज येतो, मला ते अजिबात आवडलेलं नाही. यापुढे मी रडून, आजारी पडून, काहीही म्हटलं तरी कलम पाच रद्द करू नये.

शिगेनो, २१ ऑक्टोबर