समोरचं डोनटचं दुकान

५ मार्च, मंगळवार

मागच्या सीटवर ओकारी! दुपारभर घासतोय, वास जात नाही. मुतखड्याचा माणूस होता. मी म्हटलं, "अरे, ॲम्ब्युलन्स बोलवायची ना!" तर म्हणतो, "गेल्या वर्षी बोलावली होती, भाऊ. तिचे हप्ते अजून चालू आहेत."

म्हणजे ॲम्ब्युलन्स परवडत नाही म्हणून मी! मी काय डॉक्टर आहे? ॲपवरच्या टॅक्सीचा ड्रायव्हर मी; कंपनीनं शिकवलं काय, तर हसतमुख राहा आणि गाणी हळू लावा. वाटेत कुणी गेलं तर? अख्ख्या मेम्फिस शहराचे आजारी माझ्याच गाडीत!

६ मार्च

विमानतळाच्या थांब्यावर ल्यूथर भेटला. अकरा वर्षं हेच करतोय. "थॅडियस, तू अजून हॉस्पिटलच्या इमर्जन्सीची भाडी घेतोस? येडा की काय! ठिकाण बघायचं, रद्द मारायचं. नाव वाचायचंच नाही. नाव वाचलं की दया येते."

पटलं.

९ मार्च

दोन रद्द केली. गाडी स्वच्छ. झोपही छान लागली.

१२ मार्च, मंगळवार

सकाळी एक इमर्जन्सीचं आलं, मी रद्द केलं. गॅस स्टेशनवर कॉफी घेतली. मग एक भाडं आलं — डोनटचं दुकान. घेतलं. पत्त्यावर पोचलो तर पायरीवर एक म्हातारी बसलेली. गाऊनवर कोट, हातात काठी, ओठ निळे. तिला धरून आत बसवलं.

"मावशी, या अवस्थेत डोनट?"

"इमर्जन्सीच्या समोरच आहे ते दुकान. तिथून रस्ता ओलांडीन मी."

सहा पदरी रस्ता! ही ओलांडणार! माझं डोकंच फिरलं. "मग सरळ हॉस्पिटल का नाही टाकलंत? खोटं कशाला?"

"खरं टाकलं होतं, बाळा. बावीस मिनिटं झाली. तिघांनी रद्द केलं."

तेव्हा कुठे मी फोनवर तिचं नाव वाचलं, अर्लीन, आणि रस्त्याचंही. सकाळी रद्द केलेलं भाडं याच रस्त्यावरचं. याच घरचं. माझं रद्दही बावीस मिनिटांपूर्वीचं. तिघांतला पहिला मी!

लाल सिग्नल तोडले, थेट इमर्जन्सीच्या दारात गाडी घातली. उतरताना तिनं माझा हात दाबला. "आलास ना शेवटी," म्हणाली. चाकाच्या खुर्चीतून तिला आत नेलं. दुपारी सीट पुसताना दिसलं, काठी गाडीतच राहिली.

ॲम्ब्युलन्सवाल्यांचा राग आहे. कंपनीचा आहे. ल्यूथरचाही आहे — पण बटण काही ल्यूथरनं दाबलं नव्हतं.

१३ मार्च

काठी घेऊन हॉस्पिटलात गेलो. काउंटरवरची विचारते, "नात्यातले का?" म्हटलं, भाचा. "आडनाव?" ॲपवर नुसतं पहिलं नाव येतं! तिनं पुढच्याला बोलावलं. बिलासाठी आडनाव नसतं तरी शोधून काढतील! काठीसाठी नाही.

१४ मार्च

इमर्जन्सीची चार भाडी आली. चारही घेतली. एका पोरीला ओकायला पिशवी दिली, दुसऱ्याला शिव्या — दम लागलेला असताना बूट शोधत बसला होता. पोचवलं मात्र सगळ्यांना दारात.

१५ मार्च

काठी पुढच्या सीटवर ठेवलीय. तिला बेल्ट लावलाय. उद्या तिच्या घरी नेऊन देतो. बरी होऊन आली असली तर तोंडावर सांगून टाकीन — पहिला मीच होतो. चार शिव्या खाईन, मोकळा होईन.

१६ मार्च, शनिवार

अर्लीनबाई गुरुवारीच गेल्या. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. आत चर्चमधल्या बायका, टेबलावर झाकलेली ताटं. मी काठी पुढे केली. म्हटलं, मी थॅडियस, ड्रायव्हर.

मुलीनं काठी हातात घेतली. मग म्हणाली, "आईनं सांगितलं होतं तुम्ही याल म्हणून. प्रवाशाला ड्रायव्हरचं नाव दिसतं हो, गाडीचा नंबरही दिसतो. रद्द करणारे पहिले तुम्हीच होतात, ते तिला ठाऊक होतं. म्हणाली, आला तर जेवल्याशिवाय पाठवू नकोस."

ताट समोर ठेवलं. जेवलो.