डोंगरातला रांजण

सोम. ९ एप्रिल ७३
येरमाळ्याच्या मागं डोंगरात पाझर तलावाचं दुष्काळी काम. मी मस्टर कारकून, हजेरी मांडणारा, म्हणजे ऊन माझं अन् शिव्याही माझ्या. ओवरसियर साहेब (पुढं नुसतं ओ. सा., हात दुखतो) आज बांधासाठी चुन्याची रेघ मारून जीपनं निघून गेले. रेघेवरची बोराटी तोडली तर मागं दगडांचा ओटा, ओट्यावर रांजण. आसपास घर नाही, वस्ती नाही. झाकण काढलं तर काठोकाठ पाणी! आमचे इथं टँकरची वाट बघून डोळे पांढरे व्हायची वेळ, अन् हा कुणी भरला?
ओट्याला टेकून एक शिळा. तिच्यावर जोडीनं काहीतरी कोरलेलं. पाट्या उचलणारी सुभद्रामावशी ओरडली, "आगं बया, येडाईची पावलं!" झालं. बायांनी हळदकुंकू वाहिलं, कुदळी खाली ठेवल्या. तोंडावर देवीची यात्रा आलेली, कोण ऐकतंय.
बाकीचे पाणी प्याले. मी नाही प्यालो. कुणाचं पाणी ते कळल्याशिवाय तोंड लावायचं नाही, हे आईनं लहानपणीच डोक्यात घातलंय. कामावर सगळ्या जाती एका रांगेत पाटी उचलतात, पण पाण्याच्या घागरी अजून दोन.

मंगळ. १०
ओ. सा. तापले. "पावलं हलवा नाहीतर मी काम हलवतो. सोमवारी रेघ मोकळी दिसली पाहिजे." काम दुसऱ्या गावाला द्यायला त्यांना कितीसा वेळ लागतो. चुली विझल्या की माझ्याच नावानं बोटं मोडतील. कुणी शिळेला हात लावीना. मीही नाही लावला. देवाला मानत नाही असं चारचौघांत सांगतो, पण शिळेजवळ जाताना चपला काढल्याच. आपलंही काही खरं नाही.

गुरु. १२
रांजणाचा धनी सापडला. सिद्राम धनगर, साठी उलटलेला, गाढवावर दोन घागरी घालून आला. मी म्हणालो, बाबा, देवीची पावलं हलवायची कशी?
"कुठली देवी? नीट बगा की. पावलाची बोटं एवढी लांब आस्त्यात व्हय? हात हायती ते."
वाकून बघितलं. ओंजळ होती. माझे वडील विहिरीच्या काठाखाली बसून अशीच ओंजळ धरायचे, वरून कुणी ओतलं तर पाणी. म्हाताऱ्याला हे बोलूनही गेलो. मला पहिल्याच दिवशी ओळखू यायला पाहिजे होतं.
मग म्हातारा बोलत गेला. "तवा हितं झरा हुता. म्या पोरगा हुतो. तुमच्यातली एक बाई आली, उन्हानं पार पिचलेली. झऱ्याला हात लावायची तिला सोय न्हाय. हितं बसली, ओंजळ धरली. माजा बाप म्हनला, आदी मेंढरं पाजू. मेंढरं लई हुती. वळून बगितलं तर आडवी झालेली."
नंतर त्याच्या बापानं पाथरवटाकडून शिळा करून घेतली आणि मरेपर्यंत रांजण भरला. झरा आटला. आता हा खालच्या गावातून पाणी आणतो. या सालीसुद्धा!
बाई कोण, कुठली? माहीत नाही. "लेक घरी हाय म्हनत हुती. मनगटावर विंचू गोंदलेला." हलवायचं विचारलं तर मान हलवली. "तिचं मानूस येऊन हलीव म्हनलं तर हलवा. म्या हात लावनार न्हाय, दुसऱ्याला लावू देनार न्हाय."

शुक्र. १३
मस्टरमध्ये दोनदा चुकलो. डोक्यात एकच. आईची आई. आई चार-पाच वर्षांची असताना माहेराला म्हणून निघाली, ती माहेरीही पोचली नाही अन् परतही आली नाही. गावानं ठरवून टाकलं, पळाली. आई जन्मभर "पळालेलीची लेक". भांडणात तेच, माझ्या सोयरिकीत तेच. आणि आई सांगते, तिच्या मनगटावर विंचू होता.
पण विंचू काय, निम्म्या बायांच्या हातावर असतो. नसली ती, तर आईला उगीच... आणि असली तर? त्याहून वाईट. तहानेनं मेली हे ऐकवायचं? सांगू की नको? जेवण गेलं नाही.

शनि. १४
जयंती. गावाकडं आलो. मिरवणूक झाल्यावर आईला सांगितलं. एका दमात सगळं. ती परात घासत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी पळाली नव्हती."
मी म्हणालो, आई, तीच कशावरून?
"मला घिऊन चल."

रवि. १५
बसनं, मग पायी. आईनं वाटेत पाणी घेतलं नाही. सिद्राम रांजण भरून आधीच बसलेला; आई कोण असेल ते त्याला सांगितलं. आईनं पदरानं शिळेवरचं हळदकुंकू पुसलं, कोरलेल्या ओंजळीत स्वतःचे हात ठेवून बघितले. मापाला बसले की नाही, मला दिसलं नाही.
म्हाताऱ्यानं तांब्या भरला आणि वरून न ओतता दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. "घ्या, आक्का."
आईनं तांब्या घेतला. म्हणाली, "तुमची मेंढरं आदी पाजा."
म्हातारा तिथंच उन्हात बसला. मला त्याची दया आली आणि दया आल्याचा रागही आला.
आई परत चल म्हणेना. मुक्काम कामावरच्या झोपडीत.

सोम. १६
उजाडल्यापासून आई ओट्यावर. बाया पाट्या घेऊन उभ्या. सुभद्रामावशी एकदाच म्हणाली, "वैनी, आमच्या लेकरांकडं बगा." आईनं तिच्याकडं नुसतं बघितलं. मीही विचारलं, हलवायचं का? म्हणाली, "हलीव म्हनायला ती माजीच आई पायजे ना रं. आन् न्हाय म्हनायला बी."
म्हातारा समोर उन्हात बसून आहे. कालचा तांब्या तसाच भरलेला तिच्या मांडीवर. अजून एक घोट घेतलेला नाही, आणि खाली घाटात ओ. सा.च्या जीपची धूळ दिसायला लागली.