सरकारचा जिना

४, प्लोव्हर क्लोज, वेलिंगबरो
२६ फेब्रुवारी २०२३

ती. थेल्माताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावर सवयीने पुन्हा माझ्याआधी नोरीनचं नाव घातलंस आणि आत त्याची माफी मागितलीस. माफी कसली त्यात! वीस वर्षं तुम्ही नणंद-भावजय एकमेकींना लिहीत आलात, मी आपला शेवटी 'क्लाइव्हचा नमस्कार' एवढ्यापुरता. ती जाऊन तेरा महिने झाले, पण पोस्टमनला हे घर अजून तिच्याच नावाने ठाऊक आहे. तुला आता फोनवर ऐकू येत नाही आणि मला लिहिण्याची सवय नाही. तरी बघ, हे माझं चौथं पत्र.

बातमी अशी की सरकारी कर्ज फेडून टाकायचं ठरवलंय. शाळेने केअरटेकरचं क्वार्टर मोडलं तेव्हा छप्पन्नाव्या वर्षी आम्ही हे पहिलं घर घेतलं, आणि त्यात किमतीचा पाचवा हिस्सा सरकारने घातला. त्याची मेख अशी, की घेतले तेवढे पैसे परत देऊन भागत नाही. घराच्या आजच्या किमतीचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. आजची किंमत घरांचा एजंट सांगेल ती चालत नाही. नोंदणी असलेल्या व्हॅल्युअरने घर स्वतः पाहून लिहून द्यावी लागते, आणि तो कागद तीनच महिने चालतो. तेवढ्यात सगळं उरकलं नाही की पुन्हा फी, पुन्हा पाहणी.

नोरीन विचारायची, पाचवा हिस्सा म्हणजे नेमका कोणता? मग तिनेच ठरवून टाकलं की जिना सरकारचा. रोज झोपायला जाताना पहिल्या पायरीवर थांबून सरकारची परवानगी मागायची. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "जिना तेवढा सोडवून घे हं." तिच्या विम्याचे पैसे मी त्यासाठीच ठेवलेत, हात लावलेला नाही. ७ मार्चला व्हॅल्युअर येणार आहे.

गुडघ्याला जप. माझ्या पत्रांच्या अक्षराला हसलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझा,
क्लाइव्ह

*

ॲम्बल
२ मार्च २०२३

चि. क्लाइव्ह यास अनेक आशीर्वाद.

जिना सोडवायचा म्हणतोस, सोडव. नोरीनने सांगितलंय म्हटल्यावर मी कोण बोलणार? पण मी दोन पत्रांपासून विचारतेय, जेवतोस काय आणि बोलतोस कुणाशी, त्याचं उत्तर तू सफाईने गिळतोस. भाऊ आहेस माझा, ओळखून आहे मी तुला.

शेजारी कोण आहेत रे? आठ घरांची गल्ली, आठ वर्षं झाली. गल्लीला नाव प्लोव्हर, म्हणजे टिटवीचं दिलंय. शेतातल्या टिटव्या हाकलून घरं बांधली आणि आता त्यात माणसंही दिसत नाहीत, असं नोरीनने मला एकदा लिहिलं होतं. ती तरी कुंपणावरून हाक मारायची. तू लहानपणी पाहुणे आले की कोळशाच्या खोलीत जाऊन बसायचास, आईला तुला कानाला धरून बाहेर काढावं लागे. तेव्हा नीट ऐक. व्हॅल्युअर येईल तेव्हा घरी थांबायचं. चहा विचारायचा. चार शब्द बोलायचे.

इथे वारा फार आहे. माशांच्या बोटी तीन दिवस धक्क्यालाच बांधून आहेत. मला ऐकू येत नसल्यामुळे वारा नुसता दिसतो, ते एक बरं.

मायेने,
थेल्मा

*

वेलिंगबरो
८ मार्च २०२३

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस, मी घरी थांबलो नाही. माणूस कामाला आलेला असताना त्याच्या पायात कशाला यायचं? नोरीनच्या नर्ससाठी दाराशी बसवलेली किल्लीची पेटी अजून आहे. पेटीचा नंबर कळवून ठेवला आणि मी रोपवाटिकेतल्या कॅफेत जाऊन तीन तास बसलो. एक स्कोन खाल्ला. घे, जेवणाचं उत्तर मिळालं.

घर मात्र असं लावलं होतं की बघत राहिली असतीस. सत्तावीस वर्षांचा माझा नियम तुला माहीत आहे: केअरटेकरने संध्याकाळी वर्ग असा सोडायचा की दिवसभर तिथे कोणी आलंच नव्हतं असं वाटावं. पडदे धुवायला दिले. एक कप, एक ताटली कपाटात. मला हल्ली वर झोपवत नाही, खाली घडीच्या खाटेवर झोपतो. ती घडी करून जिन्याखाली ठेवली. फ्रिज तर मी थंडीत बंदच ठेवतो. एकट्याच्या दुधाला मागची पायरी पुरते. परत आलो तर सगळं जागच्या जागी. व्हॅल्युअर म्हणून कुणी मुलगी येणार होती, ती गुणी असणार, पायपुसणंसुद्धा सरळ करून गेली होती.

खरं सांगू, किल्ली फिरवून आत आलो तेव्हा वाटलं, नोरीन विचारेल काय झालं म्हणून.

असो. तुझ्या मायेवर माझा हक्क आहे असं समजून चालतो.

क्लाइव्ह

*

वेलिंगबरो
२७ मार्च २०२३

ती. ताईस सा. न. वि. वि.

किमतीचं काही नाही, ती ठीकच आली. विम्याच्या पैशांत बसते. पण अहवालात दुसऱ्या पानावर एक ओळ आहे, ती तशीच उतरवून देतो: 'पाहणीच्या वेळी घरात कोणी राहत असल्याची चिन्हे आढळली नाहीत.'

मी ती ओळ चार वेळा वाचली. मुलीची चूक नाही गं. तिने पाहिलं तेच लिहिलं.

आता कर्जाच्या कचेरीतून विचारणा आलीय. या कर्जाची अट अशी की घर घेणाऱ्याने स्वतः त्यात राहायचं. भाड्याने द्यायचं नाही, सोडून जायचं नाही. तेव्हा मी इथे राहतो याचा पुरावा द्या. एक तर माझ्या नावाची बिलं, नाही तर शेजाऱ्यांचं सहीचं पत्र. बिलं काढून बसलो. वीज नोरीनच्या नावावर, पाणी तिच्या नावावर, टीव्हीचं लायसन्स तिचं. बँकेला कळवणं भाग होतं तेवढं कळवलं. बाकी कुणाला कळवलं नाही. कळवलं की ते लोक नाव खोडतात. म्हणजे कागदोपत्री या घरात नोरीन राहते आणि मी राहत नाही.

शेजाऱ्यांचं म्हणशील, तर समोर एक बाई आहे, तिची लाल गाडी आहे, एवढीच माहिती. आठ वर्षांनी दार वाजवून काय सांगू, मी इथे राहतो असं लिहून द्या? सात जूनपर्यंत मुदत आहे. मला वाटतं, जाऊ दे तो जिना.

तुझा,
क्लाइव्ह

*

ॲम्बल
३१ मार्च २०२३

चि. क्लाइव्ह यास आशीर्वाद, आणि एक रट्टासुद्धा.

जाऊ दे म्हणायचं नाही. तिने दुसरं काही मागितलं नव्हतं तुझ्याकडे.

तुझं आधीचं पत्रही पुन्हा काढून वाचलं. बंद फ्रिज, घडीची खाट! अरे, ती शाळा नाही, घर आहे तुझं. दिवसभर वापरलेलं दिसलं तर कोणी तुझा पगार कापणार नाहीये.

मी ठरवलंय ते सांगते. ईस्टरला इकडे ये. पाच एप्रिलला निघ, दोन आठवडे राहा, पोटात काही घाल. मग परत जाऊन समोरचं दार वाजव. धीर होत नसेल तर आधी माझं वाजव. मला ऐकू येणार नाही, तेवढाच तुला सराव.

वाट पाहते. नाही आलास तर पुढचं पत्र पोस्टकार्डावर लिहीन, म्हणजे पोस्टमनही वाचेल.

थेल्मा

*

वेलिंगबरो
२२ एप्रिल २०२३

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेले हेरिंग मासे गाडीतच संपवले, शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे बसला.

आता जे घडलं ते सांगतो, पण आधी एक कबुली. आमच्याकडे गुरुवारी कचऱ्याची गाडी येते. बुधवारी संध्याकाळी सगळ्यांचे चाकांचे डबे कडेला लावायचे, रिकामे झाले की पहाटे ज्याच्या त्याच्या दाराशी परत. हे मी आठही घरांचं करतो, पहिल्या वर्षापासून. कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत करायचो, हाताला राहवत नाही. कुणाची झोप मोडू नये म्हणून डबा जरा उचलूनच नेतो. नोरीनला माहीत होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

पाच तारखेला तुझ्याकडे निघण्याआधी मी डबे कडेला लावून आलो होतो. बुधवारी परत येऊन बघतो तर सगळे रस्त्यातच. दोन आडवे, एक कुंपणात घुसलेला. दोन आठवडे कुणी हात लावला नव्हता. मी पिशवी खाली ठेवली आणि अंगात कोट तसाच ठेवून एकेक सरळ करत सुटलो. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. मला वाजवावंच लागलं नाही.

तिचं नाव बोझेना. पोलंडची आहे, गोदामात पाळीला जाते. ती बघतच राहिली. म्हणाली की गल्लीत केवढा गोंधळ झाला होता. सगळ्यांची समजूत, गल्लीच्या देखभालीच्या कंपनीला वर्षाची फी भरतो त्यातच हे काम येतं. सातही घरांनी कंपनीला फोन करून भांडण काढलं, तर कंपनी म्हणाली की असं काम आम्ही कधी केलेलंच नाही. मग आठ वर्षं करत कोण होतं, हे कोडं कुणाला सुटेना. एवढं सांगून तिने मला विचारलं, "म्हणजे तुम्ही इथे राहता?"

ताई, हातातला डबा सरळ करून मी हो म्हटलं.

तिने आत बोलावून राय नावाच्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचं सूप वाढलं. त्यात अंडं होतं. कागदाचं सगळं सांगितलं मी तिला. हसली नाही.

तुझी आठवण काढत,
क्लाइव्ह

*

ॲम्बल
२७ एप्रिल २०२३

चि. क्लाइव्ह यास अनेक आशीर्वाद.

डब्यांचं वाचून मी एकटीच इतकी हसले की मांजर उठून गेली. मग रडू आलं, ते सांगत नाही.

तू गेलास त्या सकाळी दोन अंडी उकडायला टाकली. दुसरं दुपारी खाल्लं. पंधरा दिवसांत माणसाची इतकी सवय होते हे मी विसरले होते.

या खेपेला पाकिटावर फक्त तुझं नाव घातलंय, आठवणीने. पुरावा म्हणून लागलं तर पाकीट दाखव. ते पत्र त्या बाईकडून लिहून घे, लाजू नकोस. आणि फ्रिज चालू कर.

थेल्मा

*

वेलिंगबरो
११ जून २०२३

ती. ताईस सा. न. वि. वि.

एक तारखेला पैसे भरले, परवा पोचपावती आली. मुदतीला सहा दिवस राहिले होते. घर पूर्ण आपलं झालं.

बोझेनाने लिहिलेलं पत्र तुझ्यासाठी उतरवून घेतलंय. त्यावर सात घरांच्या सह्या आहेत. कचेरीने मुकाट मान्य केलं.

'५ ते १९ एप्रिल या काळात ४ नंबरच्या घरात कोणी राहत नव्हते, हे आम्हा सातही घरांच्या लक्षात आले. त्याआधी आणि त्यानंतर तेथे श्री. क्लाइव्ह ऑल्सप राहतात. ते कोण आहेत हे आम्ही आठ वर्षांत विचारले नाही. ही चूक आमची आहे, त्यांची नाही.'

तुला वाटेल, आता रोज कुणी ना कुणी येत असेल. तसं नाही गं. भेटले की मान हलवतात, नावाने हाक मारतात एवढंच. आणि झालं असं की सगळ्यांना शरम वाटली, आता गुरुवारी जो तो आपला डबा आपण आत नेतो. मी सवयीने पहाटे उठतो, बाहेर जातो, तर करायला काही नसतं. बोझेनाचा तेवढा कडेला राहतो. मला वाटतं, ती मुद्दाम विसरते.

वीज, पाणी, टीव्ही, सगळं माझ्या नावावर करून घेतलं. प्रत्येक ठिकाणी फोनवरच्या माणसाने दिलगिरी व्यक्त केली आणि नोरीनचं नाव खोडलं. शेवटचा फोन ठेवला आणि पहिल्या पायरीवर जाऊन बसलो. परवानगी मागायला आता सरकार नाही, तरी तोंडून शब्द निघून गेले. मग वर गेलो. त्या दिवसापासून वरच झोपतो. एक कप ओट्यावर तसाच ठेवायला शिकतोय, फार जड जातं.

तुझी शेवटची तिन्ही पाकिटं फक्त माझ्या नावाची आली. तू ते किती जपून लिहिलंस ते अक्षरावरून कळतं. पण ताई, एक मागणं आहे. पुढच्या पत्रापासून पाकिटावर पुन्हा दोघांचीही नावं घालत जा, तिचं आधी. मी इथे राहतो हे आता सगळ्या गल्लीला माहीत झालंय. ती राहत होती, ते माहीत असलेले आपण दोघंच उरलोय.

माया आहेच, ती अशीच पोस्टाने पाठवत राहा.

तुझा,
क्लाइव्ह