मेंडकी रस्त्यावरची बांधी आणि कॉलेजचं जाळं

लिहून ठेवणार: श्रीमती इंदुताई मुखरू दोनाडकर, वय अडुसष्ट, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर.

मृत्युपत्रात बाई शुद्धीत आहे हे आधी सिद्ध करावं लागतं, असं वकील म्हणाले. म्हणून नात मयुरीच्या कॉलेजापायी या उन्हाळ्यात माझ्या घरी काय आलं आणि त्याचे मला किती पडले, ते आठवून लिहिते. गुळगुळीत कागदाचं माहितीपुस्तक एक, फुकट; ते घेऊन आलेला पुतण्या खुशाल, त्याचं नागभीडपासूनचं जीपभाडं माझ्याकडून, साठ रुपये. टोपी एक आणि पिशवी एक, दोन्हीवर कॉलेजचं नाव, फुकट. खुशालच्या जेवणाला गावरान कोंबडा, सहाशे रुपये. त्यात सोमवार. माझ्या चुलीवर शिजू दिला नाही, शेजारणीकडून शिजवून आणला, तिचं तेल-तिखट वेगळं. अर्जाची फी म्हणून दोन हजार, पावती नाही. एवढं आठवतं म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारा मुलगा अजय सध्या ओसरीत झोपलेला आहे.

राहतं घर माझ्यामागे अजयचं. छपराची कवेलू दर वर्षी फेरावी लागतात, हे त्याने आतापासून शिकून घ्यावं.

माझी पितळी परात जाऊबाईंकडे आहे, मयुरीच्या बारशाला नेलेली. ती त्यांनाच दिली असं समजावं. मेल्यावर मी मागायला जाणार नाही.

जाऊबाईंचे चिरंजीव खुशाल यांना वर लिहिलेली टोपी व पिशवी. दोन्ही कोऱ्या आहेत.

चांदीच्या तोरड्या मोडून जे येईल ते मार्कंडादेवाच्या दिव्याला तेल म्हणून द्यावं. जत्रेत भोंग्यावर माझं नाव पुकारू नये. देवाला ठाऊक असतं, बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

आता मुद्द्याचं. मेंडकी रस्त्यावरची दीड एकर धानाची बांधी माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केली. माझ्यामागे ती मयुरीची. पण अजयला ती आजच विकायची आहे, मयुरीला पुण्याकडच्या धंद्याचं शिकवणाऱ्या एका कॉलेजात घालायला. कॉलेजचं नाव लिहीत नाही. मेल्यावर कोर्टात कोण जाईल?

मी विचारलं, "तिथं शिकवतेत काय?"

अजय म्हणाला, "आई, शिकवनं सोड. तिथल्या जुन्या पोरायचं जाळं हाये. चाळीस देशात."

"अन् मासा कोन?"

"तुले समजत नाई."

खुशालने पुस्तकातले सात हसरे चेहरे दाखवले. "मोठी आई, हे सारे आपल्या मयुरीले हात देतीन."

"तू बी तिथलाच ना रे? तुले कोनं हात देला?"

खुशाल नागपुरात विमे विकतो. त्याने कोंबड्याची दुसरी तंगडी घेतली.

आमच्याकडे धानाचं बियाणं घेताना दुकानदार दाखवतो ती बांधी कोणी पाहत नाही. तेच बियाणं लावलेल्या, पण त्याने ज्याचं नाव घेतलं नाही, अशा शेतकऱ्याच्या घरी जाऊन बसायचं. त्या घरचा भात खायचा आणि घरच्या बाईला विचारायचं. पुरुष उतारा वाढवून सांगतो. बाई कणी किती पडते ते सांगते. माझ्या यजमानांनी एकदा नुसतं फलकावरचं चित्र पाहून बियाणं आणलं. अर्धं पीक फोल निघालं, आणि धानाच्या घरात आम्ही वर्षभर विकतचे तांदूळ खाल्ले. तेव्हापासून हसऱ्या चित्रावर माझा विश्वास नाही.

म्हणून मी माझ्या मॅट्रिकच्या वर्गातल्या खैरुनकडे गेले. तिची नात नाजिया त्याच कॉलेजातून शिकली. पुस्तकात तिचा फोटो नाही. आता चंद्रपूरला बँकेत आहे, ती नोकरी परीक्षा देऊन मिळाली, जाळ्यातून नाही. ती सुट्टीला आलेली होती. खैरुन म्हणाली, "काऊन वं इंदू, कॉलेजात आता तुले जाचं हाये का?" आणि आधी भात वाढला.

नाजियाने पुस्तक पाहिलं. "इंदुआजी, हा माह्या वर्गातला. याच्या बापाचा कारखाना आधीपासून होता. ज्यायले जाळं नाई लागत तेच जाळ्यात दिसतेत. सहा वर्षांत कॉलेजचा मले एकच फोन आला."

"कायचा?"

"देणगीचा."

पण ती कडू बोलून थांबली नाही. मयुरीचा अर्ज वाचून देईन म्हणाली, वर्गातल्या आणखी एका मुलीचा नंबर दिला, सरकारी कॉलेजची प्रवेशपरीक्षा कशी असते तेही सांगितलं. तासभर. फुकट. जाळं हेच असेल तर त्याला माझी हरकत नाही. मग मी विचारलं, "तुह्या आजीची बांधी असती, तर या कॉलेजापायी तू विकली असती का?"

तिने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "ते मयुरीले विचारू द्या. तिले खरं सांगीन."

म्हणून अट अशी. मयुरीने हा प्रश्न नाजियाला आणि त्या दुसऱ्या मुलीला स्वतः विचारावा. दोघी हो म्हणाल्या तर मी जिवंतपणी माझ्या सहीने बांधी विकीन, एक शब्द बोलणार नाही. नाहीतर यंदाही तिथे धान लागेल आणि मयुरीने सरकारी कॉलेजच्या परीक्षेला बसावं. यात अजयची सही लागत नाही.

साक्षीदार: खैरुन शेख आणि नीलिमा बगमारे, दोघी १९७३च्या मॅट्रिकच्या, माझ्या बाकावरच्या. काल सांज झाल्यावर निरोप धाडला, आज सकाळी हजर. नीलिमाने पेन घरून आणलं. हे माझं जाळं. चाळीस देशांत नाही, एका वॉर्डात आहे.

सही: इंदुताई मुखरू दोनाडकर
सही: खैरुन शेख
सही: नीलिमा बगमारे

ब्रह्मपुरी, १४ मे २०२५

मयुरी, ही नक्कल तुला नागपूरच्या होस्टेलवर टपालाने पाठवते. दोघींचे नंबर मागे लिहिले आहेत. रजिस्ट्रीला मी तुझं उत्तर आल्यावरच जाईन. त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं परतीच्या टपालाने कळव. फोन करू नकोस. आपल्या घरचा फोन तुझा बाप उचलतो.