संथ भाग संपेपर्यंत

आधी दुरुस्ती. फेब्रुवारीत केलेल्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की, गेल्या हंगामाच्या शेवटच्या मैफिलीनंतर माझे वडील वरच्या खोलीत येऊन झोपले आणि झोपेतच गेले. हे खोटे आहे. मी त्या आठवड्यात नोकरीच्या मुलाखतीसाठी परगावी होते आणि मामांनी सांगितले तेच खरे धरले. त्याच मृत्युपत्रात मी घराची पुढची खोली कायमची संगीत समितीला दिली होती. ते मृत्युपत्र या लेखाने रद्द करते.

मी, वाद्ये दुरुस्त करणाऱ्याची एकुलती मुलगी, वय सव्वीस, अविवाहित, हे माझ्या मनाने आणि माझ्या अक्षरात लिहीत आहे. माझ्या गळ्यातल्या गाठीचे ऑपरेशन मंगळवारी, १० नोव्हेंबरला आहे. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टरीणबाई म्हणतात. मी तरी घाबरले आहे. पण डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांचा असायचा, त्यांना हे लिहिल्याचे ठाऊक नाही.

कलमांआधी कारण सांगणे भाग आहे, नाहीतर मी आकसाने लिहिले असे म्हणतील. आकस आहेच, पण सकारण आहे.

आमच्या गावात दरवर्षी चेंबर संगीताचा हंगाम भरतो. सहा शनिवार, तीन-चार वादक, व्हायोलिन, चेलो, पियानो, आणि दाटीवाटीने बसलेली साठेक माणसे. मैफिली होतात आमच्या पुढच्या खोलीत. ती बाबांची कार्यशाळा. ते टेबले मागे सरकवत, भुसा झाडत आणि खोली फुकट देत. समितीचे अध्यक्ष माझे मामा. दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. याच खोलीत बाबांनी शिकवले. पाव, अर्धे, पाऊण हे मी लहान मुलांच्या व्हायोलिनांच्या मापांवरून शिकले.

गेल्या महिन्यात निवृत्त मुख्याध्यापिका हंगामाचा पास घ्यायला आल्या. मामा पावती फाडत होते.

"तुला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं तेव्हा संथ भाग नुकता सुरू झाला होता. घशातून घरघर येत होती गं. पण मी हलले नाही हो! वादन चालू असताना उठायचं म्हणजे... आमचं वळणच नाही तसं."

"म्हणजे ते जिवंत होते?"

"अगं, नंतर थांबली ना घरघर."

मी मामांकडे पाहिले. ते म्हणाले, "मी पुढून खूण केली होती यांना, जरा थांबा म्हणून. मध्यंतर आलंच होतं. आणि असं मरण भाग्यात असावं लागतं, बाळा."

"मग झोपेत गेले असं का सांगितलंत?"

"तुझ्या मनाला लागेल म्हणून. बघ, लागलंच की नाही?"

मुख्याध्यापिकाबाई निघताना दारात थांबून म्हणाल्या, "कोट मात्र धुवायला द्यावा लागला बाई. रेशमी होता."

बाकीचे मी चार जणांना विचारून पक्के केले. मध्यंतरात मामांनी आणि खजिनदारांनी बाबांना उचलून वर नेले. उत्तरार्ध ठरल्याप्रमाणे झाला. टाळ्या संपल्यावर डॉक्टरीणबाईंना बोलावले. त्यांचा दवाखाना रस्त्याच्या पलीकडे आहे, आणि त्या संध्याकाळी तो उघडा होता. वेळेत कळले असते तर काय झाले असते, हे मी त्यांना विचारले. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण मी धावत आले असते."

यंदाच्या स्मरणिकेत बाबांचा फोटो आहे आणि खाली छापले आहे, 'सुरांच्या कुशीत विसावले.' मला त्या कागदाची शिसारी येते. खोलीत अजून मागच्या हंगामाचा वास आहे, डांबरगोळ्यांच्या कोटांचा आणि खोकल्याच्या गोळ्यांचा. त्या गोळ्यांचे कागद संथ भागात खुशाल कुरकुरतात. त्याने कोणाचा रसभंग होत नाही.

आता व्यवस्था.

एक. घर माझ्या आत्याला. ती म्हणते, "मला जिने चढवत नाहीत, मला कशाला घर?" तरी तिलाच. तिने खालीच राहावे.

दोन. पुढची खोली आत्याने शेजारच्या सुतारकाकांना भाड्याने द्यावी. तिथे करवत चालावी, रंधा चालावा, माणसांनी एकमेकांना मोठ्याने हाका माराव्यात. समितीला ती खोली एका संध्याकाळसाठीही देऊ नये.

तीन. बाबांची हत्यारे सुतारकाकांनाच. सरस उकळण्याचे भांडे मात्र आत्याने ठेवावे. त्याला घाण वास येतो हे मला माहीत आहे. तो मला आवडतो.

चार. पियानो माझा आहे, समितीचा नाही. मामा पाहुण्यांना उलट सांगतात. तो चेलो वाजवणाऱ्या बाईंना द्यावा. त्यांच्या डोळ्यांवर दिवा होता, त्यांना मागची रांग दिसत नव्हती. त्यांना कळले तेव्हा त्या माझ्यासमोर रडल्या. बाकी कोणी रडले नाही.

पाच. बाबा ज्या खुर्चीत बसले होते ती खुर्ची मामांना. त्यांनी ती स्वतःच्या दिवाणखान्यात ठेवावी आणि रोज तिच्यावर बसावे. सख्ख्या भाचीची आठवण म्हणून नाकारता येणार नाही.

सहा. मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाच्या धुलाईचा खर्च माझ्या बचतीतून द्यावा. आम्हाला कोणाचे उपकार नकोत. उरलेली बचत आत्याला.

सात. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. समितीने दोन मिनिटे स्तब्ध उभे राहू नये. स्तब्ध राहण्यात ते तरबेज आहेत.

ठिकाण: राहते घर. दिनांक: २९ ऑक्टोबर २०२६.
सही: वाद्ये दुरुस्त करणाऱ्याची मुलगी

साक्षीदार:
१. समोरच्या डॉक्टरीणबाई (सही). लिहिणारी शुद्धीवर आहे. मी तपासले आहे.
२. कोपऱ्यावरचे छापखानेवाले (सही)

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर.

सही केल्यावर छापखानेवाले चष्मा पुसत म्हणाले, "झणझणीत लिहिलंय, ताई. पण मामांनी हे कधी वाचायचं?"

"मी गेल्यावर."

डॉक्टरीणबाई हसल्या. "तू काही जात नाहीस मंगळवारी. साधं ऑपरेशन आहे. म्हणजे अजून पन्नास वर्षं इथे मैफिली होणार, आणि तू त्यांना खुर्च्या मांडून देणार?"

"मामांसमोर माझा आवाज फुटत नाही," मी म्हणाले. "म्हणून तर लिहिलं."

"गाठ आवाजाच्या नसेला लागून नाहीये," त्या म्हणाल्या. "मी फोटो पाहिलेत."

मेल्यावर बोलायचे म्हणजे समोरच्याचे ऐकून घ्यावे लागत नाही, एवढाच त्यात फायदा, आणि मी त्याच्याच भरवशावर होते. म्हणून कलम दोनमधला समितीबद्दलचा भाग मी आत्यावर टाकत नाही. वादकांना मी आजच कळवते, म्हणजे त्यांची फुकट खेप होणार नाही. बाकी सगळ्यांना येऊ द्यावे, बसू द्यावे. मामा स्वागताला उभे राहायच्या आत मी पुढे जाईन, घडले ते सांगेन आणि म्हणेन, "उठा, आणि माझ्या घरातून बाहेर व्हा."

हे करण्याचा दिवस: हंगामाचा पहिला शनिवार, ७ नोव्हेंबर २०२६.